चूल खंडाने देणे आहे

आषाढात आमच्या खानावळीच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की आधी बंद भिंतींचा ओला वास येतो. मालवण-कसाल रस्त्याला लागून असलेली ही बारा टेबलांची खानावळ दिवाळीपासून मे अखेरपर्यंत तुडुंब चालते, आणि मृगाचं पाणी पडलं की बसते. डोशाच्या तव्याला तेलाचा हात फिरवून तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला असतो, नाहीतर आठ दिवसांत गंज धरतो. डीप फ्रीजरचा प्लग काढलेला. झाकण पुरतं बसलं तर आत बुरशी येते म्हणून फटीत करवंटी अडकवलेली. तीन मोठ्या शेगड्या, स्टीलची दोन लांब टेबलं, ग्राइंडर, सगळं जुन्या चादरींखाली. आचारी गावी गेलेला, तो घटस्थापनेच्या आसपास उगवणार. वीजबिल मात्र दर महिन्याला वेळेवर येतं. युनिट नावापुरते, पण स्थिर आकार काही चुकत नाही.

या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पायवाटेने पाच मिनिटं चाललं की वाडी लागते. तिथे त्याच दुपारी एक वहिनी उपवासाची भाजणी भाजत असतात. घरगुती शेगडी, एका वेळी जेमतेम दीड किलो मावेल अशी कढई. डोक्यावरच्या दोरीवर मुलांचे युनिफॉर्म वाळत घातलेले, कारण बाहेर वाळण्याचा प्रश्नच नाही. युनिफॉर्मला भाजणीचा वास लागतो आणि भाजणीला ओल लागते. मुंबईहून पंचवीस किलोची मागणी आलेली असते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल जायचं असतं, आणि वहिनी कढई उतरवून मध्येच घरच्या भाकऱ्या टाकतात, कारण शेगडी तेवढीच.

पाच मिनिटांच्या अंतरावरच्या या दोन खोल्या एकमेकींना भेटत का नाहीत, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. पडला तेव्हा लाज वाटली. त्यानंतर दोन पावसाळे मी माझं स्वयंपाकघर भाड्याने दिलं, त्यातून जे शिकलो त्यावर हा लेख आहे. खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांसाठी कोकणात नवी स्वयंपाकघरं बांधण्याआधी जी बांधलेली आहेत आणि वर्षातले चार-चार महिने कुलपात असतात, ती त्यांना भाड्याने मिळाली पाहिजेत, हे माझं म्हणणं. आणि ती तासाच्या हिशेबाने नकोत, हंगामाने हवीत. आपण आंब्याची कलमं खंडाने देतो, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर हंगामापुरती दुसऱ्याच्या हाती, तशी.

तासाचा हिशेब शहरांचा आहे. मुंबई-पुण्यात एका छपराखाली चार-पाच क्लाउड किचन, म्हणजे बसायला टेबल नसलेली, फक्त घरपोच देणारी स्वयंपाकघरं चालतात, कारण दारात मोटारसायकलवाले उभे असतात आणि दोन मैलांत लाखभर भुकेली माणसं असतात. अमेरिकेत तर घरच्या चुलीवर केलेलं विकायला बऱ्याच ठिकाणी मर्यादा आहेत, म्हणून तिथे तासावर मिळणारी स्वयंपाकघरं उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोतली ला कोचिना ही संस्था २००५ पासून मुख्यतः स्थलांतरित, कमी उत्पन्नाच्या बायकांना अशी जागा वापरायला देते आणि धंदा उभा करायला मदत करते. चांगलीच गोष्ट आहे. पण कुडाळच्या बाईला सकाळी दहा ते बारा अशी दोन तासांची पाळी देऊन काय होणार? तिची एसटी अकराला येते.

आमच्याकडे धंदा घड्याळावर चालत नाही, पंचांगावर चालतो. ते उघडूनच बोलू.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो तो कार्तिकीपर्यंत. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. हल्ली काढीव मुहूर्त असतात, बारशी-वाढदिवस असतात, तरी मंगल कार्यालयांचे हे चार महिने सुनेच जातात. त्यांची स्वयंपाकघरं पाहिली आहेत? शंभर-शंभर माणसांचा भात एका वेळी चढेल असे टोप, मोठाल्या भट्ट्या, फरशी धुवायला उतार दिलेली मोरी. दुसरीकडे हॉटेलं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, आणि किनाऱ्याने खानावळी, न्याहारी-निवास, रिसॉर्ट वाढत गेले. १ जूनपासून मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, मग तळणार काय आणि खाणार कोण? तेही जून ते सप्टेंबर रिकामेच.

आता याच चार महिन्यांत घरगुती पदार्थांना काय मागणी असते ते बघा. आषाढी आणि श्रावणी सोमवारांसाठी उपवासाची पिठं. नारळी पौर्णिमेच्या वड्या. गणपतीचे मोदक, पातोळ्या, नेवऱ्या. चाकरमानी परत निघाला की त्याच्या पिशवीतला मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आगळ. नवरात्रात पुन्हा उपवास. आणि शेवटी दिवाळीचा फराळ, जो आता मुंबईपुरता राहिलेला नाही, दुबई-लंडनला खोक्यांतून जातो. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यांत, ज्यांत मोठ्या चुली थंड असतात. मधला पितृपक्षाचा पंधरवडा तर सगळ्यांनीच ओवाळून टाकलेला. त्यात नवं काही सुरू करू नये म्हणतात, ठीक आहे, पण चकलीची भाजणी भाजायला कुठल्या पितराची हरकत असेल असं मला वाटत नाही. फराळाचा शेवटचा डबा जातो आणि दोन दिवसांत, पाडव्याला, पहिली पर्यटकांची गाडी दारात उभी राहते. इतकं नेमकं जुळणारं वेळापत्रक ठरवून बसवता आलं नसतं.

कॅनिंगच्या कारखान्यांचं गणित वेगळं. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत आंब्याचा रस डबाबंद करणारे लहानमोठे कारखाने आहेत. एप्रिलच्या अखेरीला भट्टी पेटते, जूनमध्ये विझते. बॉयलर, पल्पर, वाफेवर चालणाऱ्या स्टीलच्या केटल, बाटल्या धुण्याची आणि सील करण्याची सोय, हे सगळं त्यानंतर पुढचा आंबा येईपर्यंत पडून. आता कोकमाचा आगळ मे महिन्यात रातांबे फोडून मिठात घातला की टिकतो. तो बाटलीत भरायची घाई मेमध्येच करायला हवी असं नाही, जुलैत भरता येतो. फणस तर पावसाचे पहिले दोन महिने झाडाखाली सडून जातो, त्याचा गर काढून आटवायला एवढी वाफ आयती मिळाली तर? हिवाळ्यात आवळा आहे. म्हणजे इथे पदार्थ पुढे सरकवता येतो आणि यंत्राच्या रिकाम्या महिन्यांत बसवता येतो.

अडतं ते मे महिन्यात. आंबापोळी, फणसपोळी, जांभूळ, करवंद, अमृत कोकम, मसाला, सगळं एकदम अंगावर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी हॉटेलं, कार्यालयं, कारखाने तिन्ही भरलेले. तेव्हा रिकामी काय असतात? वसतिगृहांच्या मेस. मुलं सुट्टीत घरी जातात आणि शंभर मुलांचा स्वयंपाक होणारी खोली दीड महिना बंद पडते. अमक्या पदार्थाला तमकी चूल, हे असं बसून जुळवावं लागतं. ते कुठलंही ॲप आपोआप जुळवणार नाही, तालुक्याची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस लागतं.

वाटून वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही. गावकीची मोठी भांडी देवळात असतात, लग्नाला नाममात्र भाड्याने मिळतात. एप्रिलमध्ये डंकावर जाऊन पाहा. वाळवून, भाजून, निवडून आणलेल्या मिरच्या-धण्यांच्या पिशव्या रांगेत ठेवलेल्या असतात. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, प्रत्येकीचा मसाला वेगळा, पण कांडणारा डंक एक आणि हिशेब किलोवर. आपल्या पिशवीत दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून बायका डंकाशेजारून हलत नाहीत. डोळ्यांतून पाणी, नाकावर पदर, पण जागेवर ठाम. ‘आमचा मसाला घरगुती’ असं ती बाई नंतर म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. मग भट्टीच्या बाबतीतच ‘घरगुती’पण जाईल अशी भीती का? १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. तिथेही कणीक एका ठिकाणी मळली जाते आणि लाट्या घरोघरी जाऊन पापड होऊन येतात. जड काम सामाईक जागी, हाताचं काम घरी. चव कणीक मळणाऱ्या यंत्राने बिघडवली असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

मग कोणी विचारेल, घरीच का करू नये? कायद्याने घरच्या स्वयंपाकघरालाही नोंदणी मिळते. खरं आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, परवान्यांचे नियम २०११ चे. त्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला शंभर रुपये. घरून दहा-वीस डबे करणाऱ्या बाईने ती घ्यावी आणि घरीच करावं, तिने माझ्या भट्टीचं भाडं कशाला भरायचं? प्रश्न येतो तो मागणी दहावरून शंभरावर गेली की. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर घरासाठी असतो, धंद्याला वापरणं बेकायदा आहे. घरी मोठी यंत्रं चालवणारं थ्री-फेज वीज कनेक्शन नसतं. पावसात चकली गार होईपर्यंत सादळते, तिला तळल्या तळल्या निथळायला, गार व्हायला कोरडी, एक्झॉस्ट असलेली खोली आणि लगेच सीलिंग लागतं. या पायरीवर बाई अडकते. पुढची पायरी म्हणजे थेट स्वतःचं युनिट, आणि या दोन पायऱ्यांमध्ये माणूसभर उंचीचं अंतर आहे.

सरकारने हे अंतर भरायला काय केलं? पैसे ठेवले, नाही म्हणता येणार नाही. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी प्रधानमंत्र्यांच्या नावाची योजना आली, दहा हजार कोटींची. एकट्या उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान. बचत गटाच्या सभासदाला चाळीस हजारांचं बीजभांडवल. पण ३५ टक्के मिळाले तरी निदान दहा टक्के स्वतःचे घालायचे आणि उरलेलं कर्ज. म्हणजे जी बाई वर्षातून नव्वद दिवस फराळ आणि पिठं करणार, तिने बाराही महिने हप्ता भरायचा. अनुदान शेगडीला मिळतं, यंत्राला मिळतं, भाड्याला मिळत नाही. त्यामुळे योजना जितकी यशस्वी तितकी बंद स्वयंपाकघरं जास्त, असा उफराटा प्रकार होतो. त्याच योजनेत सामाईक सुविधांसाठीही अनुदान आहे, आणि तिथे क्षमतेचा मोठा हिस्सा इतरांना भाड्याने उपलब्ध ठेवावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ही अट मला त्या सगळ्या कागदांत सर्वांत शहाणी वाटते. तीच कोणी वाचून दाखवत नाही.

आमच्या शेजारच्या एका गावात फळप्रक्रियेची यंत्रं आली होती. उद्‌घाटनाला मीही गेलो होतो, नारळ फुटला, पेढे खाल्ले. यंत्र चालवायला लागणारं वीज कनेक्शन आलंच नाही. पाच वर्षांनी कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला सांगता येईना. त्याच गावात तेव्हा थ्री-फेज असलेली दोन हॉटेलं होती. पावसाळ्यात दोन्ही बंद.

आता माझा अनुभव. पहिल्या वर्षी सगळं तोंडी ठरलं. वाडीतल्या सहा जणींचा गट, वहिनी त्यांच्यात. भाडं ठरलं, गॅस ‘वापराल तसा’, भांडी ‘घासून ठेवा’. पंधरा दिवसांत गॅसवरून वाजलं. सिलिंडर १९ किलोचा, व्यापारी दराचा. माझ्या मते तो अकरा दिवसांत संपायला नको होता. मी तसं बोललो, आणि बोलण्याची तऱ्हा चुकली. गटातल्या सगळ्यात वयस्कर काकी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘तुमका काय वाटता, आमी गॅस घराक नेलो?’ उत्तर नव्हतं. आठ दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. चहा झाला की कप माझ्यापुढे आदळायचा.

तोडगा माझ्या मुलीने काढला. काजू बी घेताना वापरतो तो हुकाचा काटा आमच्याकडे आहेच. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावर ठोकलेलं असतं. सकाळी काम सुरू करताना सिलिंडर काट्याला लावायचा, संध्याकाळी पुन्हा लावायचा, फरक वहीत लिहायचा, किलोच्या दराने पैसे. पहिल्याच आठवड्यात कळलं की गट दोषी नव्हताच. एका शेगडीची रबरी नळी जिथे बसते तिथे झिरपत होती, आणि ती मीच तीन वर्षांत बदलली नव्हती. मी माफी मागितली. काकी म्हणाल्या, ‘ऱ्हवांदे आता.’ दुसऱ्या वर्षीचा करार तीन पानांचा झाला: जागेचं भाडं ठरावीक, गॅस वजनावर, वीज सबमीटरवर.

वहीचा आणखी एक उपयोग मागाहून कळला. कोणी, कोणत्या तारखेला, काय आणि किती केलं ते त्यातच लिहायचं, आणि प्रत्येक घाण्यातला एक डबा टिकाऊपणाची मुदत संपेपर्यंत फळीवर राखून ठेवायचा, असं ठरवलं. ठाण्याहून लाडू खवट लागल्याची तक्रार आली. वही पाहिली, राखलेला डबा उघडला, लाडू चांगले होते. त्याच दिवसाचे दुसरीकडे गेलेलेही चांगले होते. गिऱ्हाईकाने डबा गाडीत उन्हात ठेवला होता, तेही त्यांनी मग कबूल केलं. वही नसती तर सहा जणी एकमेकींकडे बघत बसल्या असत्या आणि मी सगळ्यांकडे.

मालकांना विचारा, ते चूल द्यायला का कचरतात? घाण, चोरी, मोडतोड ही कारणं ते सांगतात. खरं कारण त्याखाली असतं. ‘उद्या निघाले नाहीत तर?’ कोकणात ही भीती खोल आहे. १९४८ चा कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ हा दिवस, त्या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं गेलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नातवंडांच्या कानावर लहानपणापासून एकच वाक्य पडलेलं असतं, कोणाला काही करायला दिलं की कूळ लागतं. म्हणून पडीक बाग पडीक ठेवतील, रिकामी माडी रिकामी ठेवतील, पण देणार नाहीत. तर, कुळकायदा शेतजमिनीचा आहे, स्वयंपाकघराला कूळ लागत नाही. इमारतींसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा लागतो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. तोंडी ठरवून मग घाबरत बसण्यात मालकाचाच धोका जास्त. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं, आणि तेव्हा ‘आपली माणसं आहेत, कागद कशाला’ असं वर म्हणतही होतो.

माझ्या ‘खंड’ या शब्दावर एका मित्राने हरकत घेतली. रायगडकडचा आहे, त्याचा आजा चरीच्या संपात होता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जाचाविरुद्ध १९३३ ते १९३९ जमिनी कसायचंच थांबवलं होतं. सहा वर्षं. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. ‘खंड म्हणजे पिकातला मोठा वाटा मालकाला आणि कोंडा कसणाऱ्याला,’ मित्र म्हणाला, ‘तू तोच शब्द बायकांच्या कष्टांना लावतोस?’

त्याच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं, आणि शब्द मी तरीही बदललेला नाही. बदलला तर तो धोका आपण विसरू. चूल देणारा हळूहळू माल ठरवू लागतो. मग म्हणतो, पॅकिंग माझ्याकडून घ्या. मग म्हणतो, माझ्या हॉटेलच्या नावानेच विका, नाव चालतं. एक दिवस गट मजुरीवर लाडू वळतोय आणि डब्यावर माझं नाव, माझा नोंदणी क्रमांक. ही कल्पना नाही, मला स्वतःला तो मोह झाला होता. पर्यटक गल्ल्यावर विचारतात, ‘घरगुती काही आहे का?’, आणि तिथे आपल्या नावाची बरणी ठेवावीशी वाटते. म्हणून करारात मी एक ओळ घालून घेतली, मुलीने हट्टाने घालायला लावली असं म्हणणं जास्त खरं: लेबलवर नाव गटाचं, गिऱ्हाईकांची यादी गटाची, कृती गटाची. भाडं उलाढालीवर नाही, जागेवर. त्यांचा धंदा दुप्पट झाला तर तो दुप्पट त्यांचा.

यात सरकारी नियमांची एक मेख आहे. नोंदणी आणि परवाना जागेला चिकटलेले असतात, प्रत्येक जागेचा वेगळा. लेबलवर चौदा आकडी क्रमांक येतो तो त्या पत्त्याचा. गट चार महिने माझ्याकडे आणि मे महिन्यात कुठल्या मेसमध्ये काम करणार असेल तर दर वेळी नवा पत्ता, नवे कागद. जिथे अन्न शिजतं तिथल्या स्वच्छतेला कोण जबाबदार हे पक्कं हवंच, त्यात सूट नको. पण जागेची तपासणी मालकाच्या नावाने एकदा व्हावी, आणि त्या तपासलेल्या जागेत हंगामापुरतं काम करणाऱ्या गटाची नोंद करारावरून सोप्या अर्जाने व्हावी, एवढं करता येण्यासारखं आहे. पाण्याचा अहवाल, ड्रेनेज, जाळ्या, टाइल्स ही जबाबदारी चुलीच्या मालकाची. हात, केस, कच्चा माल, लेबल ही गटाची. दोघांच्या सह्या एका वहीत.

आता जे बोलायला नको वाटतं ते. दुसऱ्या एका गावच्या गटाने एका मंगल कार्यालयाकडे विचारणा केली. ‘आमच्याकडे देवकार्याचा स्वयंपाक होतो,’ असं उत्तर आलं. गट म्हणाला, आम्ही शाकाहारीच करणार, फराळच करणार. मग मालकाने आडनावं विचारली. तिथे बोलणं संपलं. स्वयंपाकघर शाकाहारी ठेवण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे, माशाचं तेल आणि चकलीचं तेल एक होता कामा नये हे मलाही पटतं. पण अन्न सुरक्षेच्या नियमांतल्या परिशिष्ट ४ मध्ये नखांची चौकशी आहे, जखमेची आहे, तापाची आहे, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीची आहे. आडनावाची नाही. ज्या कार्यालयाला अनुदान, सवलत किंवा सरकारी यादीत जागा हवी असेल, त्याने दार उघडताना हा प्रश्न विचारला तर यादीतून नाव कापावं. सोवळ्याच्या नावाखाली काय चालतं ते कोकणात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

यादीचं म्हणालो, ती अजून कुठे नाही. ती असावी ही माझी पहिली मागणी आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. प्रत्येक तालुक्यात कोणती चूल कोणत्या महिन्यात रिकामी, थ्री-फेज आहे का, पाणी कुठलं, शाकाहारी की मिश्र, एका कागदावर मावेल. ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्या गटांचं जाळं वाडीवाडीत आहे, ते दोन महिन्यांत ही माहिती गोळा करू शकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकम, काजू, फणसावर पन्नास वर्षं काम केलंय, त्यांनी कुठला पदार्थ पावसात कुठल्या यंत्रावर टिकाऊ होतो ते गटांना करून दाखवावं. आणि अनुदानाचा एक हिस्सा भाड्याला द्यावा. पहिली दोन वर्षं भाड्याचा काही वाटा सरकारने उचलला तर तो पैसा मालकाच्या बंद खोलीत जाऊन गटाच्या हातून फिरतो. तिसऱ्या वर्षी ज्यांचा धंदा उभा राहील त्यांना युनिटसाठी कर्ज द्यायला बँकेलाही आधार मिळेल, दोन वर्षांची वही समोर असेल. नाही उभा राहिला तर गटाने चूल परत करायची, मोडीत काढायला यंत्र नाही आणि फेडायला कर्ज नाही.

हॉटेलवाल्या मित्रांना सांगतो, यात पैसे फार नाहीत. चार महिन्यांच्या भाड्याने तुमची गाडी येणार नाही. माझं वीजबिल सुटलं, दोन शेगड्या दुरुस्त झाल्या, आणि एक लक्षात आलं की चालती चूल बंद चुलीपेक्षा चांगली राहते. या वर्षी फ्रीजरच्या फटीत करवंटी लावावी लागली नाही. डक्टमध्ये घरटं झालं नाही. उंदीरही कमी, त्यांना बायकांचा धाक माझ्यापेक्षा जास्त असावा.

यंदाचा करार आषाढीपासूनचा आहे. तो नोंदवायला तालुक्याला गेलो तेव्हा नवाच प्रश्न निघाला. खालच्या वाडीतला दुसरा गट जागा मागतोय, त्यांना सुकटीची चटणी आणि बोंबलाचं लोणचं करायचंय. मागणी भरपूर आहे आणि बंदीच्या महिन्यांत सुक्या मासळीलाच भाव. काकींचा गट म्हणतो, त्याच खोलीत सुकट भाजली तर आमची भाजणी कोण घेणार? बरोबर आहे. मागची पडवी मोकळी आहे, पत्रे बदलले आणि जाळ्या लावल्या की तिथे वेगळी चूल मांडता येईल. पण पडवीत थ्री-फेज नाही, आणि वायर ओढायचा खर्च माझा की त्यांचा, यावर शनिवारी बसायचं ठरलंय. काकी येणार आहेत. काटा आणि वही बरोबर ठेवा म्हणाल्या.